दर्शनी भागातले लंगोट

आमच्या नातीच्या बुडावर बुरशी आली. नातीला सगळे ठमाबाई म्हणतात. पुरळ लालभडक, कडेला बारीक ठिपके, जांघेत तर सोलल्यासारखं. लंगोट बदलताना ती असा टाहो फोडायची की शेजारी माझ्याकडे संशयाने बघू लागले.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि सुनेला बजावलं, "कापडीच वापरायचे तर उकळा आणि कडक उन्हात वाळवा. दमट राहिले की बुरशी मुक्कामाला आलीच. बाळाला जमेल तेवढं उघडं ठेवा."

"त्यापेक्षा फेक ना गं ती लक्तरं," आमची ही म्हणाली. "विकतचे आण."

"नाही फेकणार, आई. मी शिवलेत ते."

उकळणं सोपं होतं. ऊन मात्र आमच्याकडे फक्त पुढच्या गॅलरीत येतं, आणि इमारतीचा नियम असा की दर्शनी भागात दोरी बांधू नये. सुनेने बांधली. तासाभरात समितीचे अध्यक्ष दारात.

"ताई, इमारतीची शोभा जाते."

सुनेने ठमाबाईला उचललं आणि तिचं बूड त्यांच्या चष्म्यापुढे धरलं. "ही शोभा बघा, काका."

अध्यक्ष मागे सरले. "वाईट वाटतं हो. पण नियम म्हणजे नियम. मागच्या बाजूला वाळवा."

"मागे ऊन पडत नाही. ठराव करून पाडता का?"

दुसऱ्या दिवशी रखवालदाराने शिडी लावून दोरी कापली. धुतलेले लंगोट खाली मातीत. सून रडेल असं मला वाटलं. तिने पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं.

"माझ्या नातीचे लंगोट मातीत?" ही कडाडली. लंगोटांवरचा तिचा राग तत्काळ बदली होऊन अध्यक्षांच्या खात्यात गेला.

"दोरीला बंदी आहे," सून म्हणाली. "सासऱ्याला नाही." आणि माझ्या दोन्ही हातांत एकेक लंगोट दिला.

आम्ही तिघं गॅलरीत ओळीने उभे राहिलो. आत सतरंजीवर ठमाबाई, डॉक्टरांच्या आदेशानुसार, उघडी.

अध्यक्ष खाली येऊन माझ्यावर ओरडले, "अहो, या वयात शोभतं का हे?"

"शोभेचं खातं तुमच्याकडे," मी म्हणालो. "माझ्याकडे फक्त वाळवण."

"किती वेळ उभे राहणार?"

"वाळेपर्यंत," ही म्हणाली.

"आणि रोज," सून म्हणाली. "घाई असेल तर बुरशीला नोटीस काढा."

रोज उभे राहिलो. खांदे भरून आले. येणारेजाणारे थांबून वर बघत. अध्यक्ष मात्र मान खाली घालून जाऊ लागले. ठिपके विरले, जांघेतली लाली फिकी पडली. मग एका सकाळी लंगोट सोडताना ठमाबाई पाय झाडत खिदळली. सून तेव्हा कुठे रडली.

"झालं ना आता?" मी आशेने विचारलं.

"बरं दिसलं तरी लगेच थांबू नका म्हणाल्यात डॉक्टरीणबाई," डोळे पुसत ती म्हणाली. "चला, बाबा."

मी निमूट गॅलरीत गेलो आणि हात वर केले.