दहा वाजेपर्यंत ज्येष्ठ

सिंदी रेल्वे या गावची आकांक्षा कबड्डीत चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपोआप मागं सरकायच्या. अशा मुलीला संधिवात झाला, ही बातमी गावाला काही पटेना. सगळ्यात कमी पटली ती अण्णाजींना. अण्णाजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष आणि दोन्ही गुडघ्यांनी हैराण.

झालं होतं असं, की थंडीच्या दिवसांत आकांक्षाची बोटं सकाळी वळेनाशी झाली. मनगटं सुजली. कबड्डीत मार बसतोच, म्हणून तिनं आधी हळद लावली, मग बर्फ. तरी सकाळी दाराची कडी निघेना आणि वेणी घालायला आईला हाक मारावी लागे. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "हा संधिवातच आहे, पण म्हातारपणाचा नाही. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. औषध बरेच दिवस चालेल. खेळ सोडू नकोस, फक्त सकाळी सांधे मोकळे होईपर्यंत दम धर."

दुसऱ्याच दिवशी अण्णाजी घरी हजर.

"छायाबाई, मले वात झाला तो साठी उलटल्यावर. रीतसर. अन् ही पोरगी चोविसाव्या वर्षीच घेऊन बसली?"

"तिनं का हौसेनं घेतला, अण्णाजी?" आकांक्षाची आई म्हणाली.

"तसं नाई म्हणत मी. पण मंडळात चर्चा व्हाले पाह्यजे."

मंडळ रोज सकाळी मारुतीच्या देवळामागच्या बाकांवर भरायचं. आकांक्षाला मधे उभं केलं आणि मूठ वळायला सांगितलं. तिची बोटं अर्ध्यातच अडली. शेजारी बसलेल्या कोकिळाबाईंनी आपली मूठ वळून पाहिली. ती गच्च मिटली. सत्तरी ओलांडलेल्या कोकिळाबाई घाबरल्याच.

"बाप्पा! हे तं माह्याहून म्हातारी हाय!"

सभासदत्व तिथंच मंजूर झालं. पण संध्याकाळी अण्णाजींनी तिला मैदानावर उड्या मारताना पाहिलं आणि सकाळी तातडीची सभा बोलावली. विषय एकच, मंडळाची फसवणूक.

"फसवणूक काऊन?" आकांक्षा म्हणाली. "सकाळी सांधे धरते. दहा वाजले का सुटते. मी काय करू?"

यावर फार वाद झाला. म्हातारं माणूस दुपारी तरुण होतं, हे कोणाच्याच अनुभवात नव्हतं. शेवटी मंडळातल्या बापूरावांनी तोडगा काढला आणि ठराव पास झाला: आकांक्षा सकाळी दहापर्यंत ज्येष्ठ नागरिक, त्यानंतर तरुण. तिला शाल पांघरली, नारळ दिला. तो तिच्या हातात टिकला नाही. कोणी हसलं नाही. तिघाचौघांच्या हातातून तो आधीच निसटून झाला होता.

घरी येईस्तोवर आकांक्षाच हसत होती. पण मग ती रोज बाकावर जाऊ लागली. संघातल्या मुलींपासून ती दुखणं लपवायची. 'एवढ्या तरण्या पोरीले काय होते?' हे तिला ऐकायचं नव्हतं. इथं कोणी तसं विचारत नव्हतं. इथं फक्त "आज कुठं?" असं विचारायचे. ती म्हणायची, "अंगठा." सगळे मान हलवायचे आणि पुढं ज्याचा त्याचा हिशेब सुरू व्हायचा.

मग जिल्हा स्पर्धा आली. सेलूच्या मैदानावर, पवनारच्या संघाशी सामना, सकाळी आठला.

"वेळ बदलून नाई राह्यले ते," प्रशिक्षक प्रफुल म्हणाला. "तू राखीव बस या वेळी."

हे बाकावर सांगताना आकांक्षा पहिल्यांदाच रडली. अण्णाजींनी चष्मा पुसला.

सामन्याच्या दिवशी सेलूच्या मैदानापाशी एक टेम्पो थांबला आणि त्यातून अख्खं मंडळ उतरलं. आयोजकांना वाटलं, कोणी पाहुणे असतील. अण्णाजींनी माइक मागून घेतला. "खेळाडूंसाठी दोन मिनिटं प्रार्थना!" सगळे मॅटच्या मधोमध मांडी घालून बसले. प्रार्थना झाली. कोणी उठेना.

"उठा ना आता, काका," पंच म्हणाले.

"प्रयत्न करून राह्यलो," अण्णाजी म्हणाले.

दोन स्वयंसेवकांनी त्यांना काखेत धरून उचललं. ते उभे राहिले न राहिले तोच गुडघा वाकला आणि एका स्वयंसेवकाला घेऊन ते खाली बसले. कोकिळाबाईंच्या पायात गोळा आला. बापूरावांनी चहा मागितला. कोणी म्हणालं, मॅटच ओढून काढा, माणसांसकट. प्रथमोपचाराला आलेला दवाखान्याचा माणूस ओरडला, "ओढू नका, एखादा जोड निखळन!" पंच शिटी फुंकत राहिले. ती कोणासाठी, हे त्यांनाही कळत नव्हतं.

रेषेबाहेर आकांक्षा मुठी उघडत-मिटत धावत होती. शेवटच्या आजोबांना खुर्चीत बसवून उचलून बाहेर नेलं तेव्हा दहा वाजून गेले होते. प्रफुलनं तिच्या मुठीकडं पाहिलं आणि तिला आत सोडलं.

पहिल्याच चढाईत तिनं दोघींना बाद केलं. नंतर पवनारची कर्णधार ईरा हिनं तिला पकडून आपटलं, तेव्हा मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. ती उठली आणि पुन्हा गेली. सिंदीचा संघ अगदी थोडक्यात हरला. आकांक्षा मात्र जिंकल्यासारखी घामाघूम होऊन अण्णाजींपाशी आली.

"तुमी मुद्दाम केलं ना?"

"बसलो मुद्दाम," अण्णाजी गुडघा चोळत म्हणाले. "उठता नाई आलं, ते खरं."

एवढ्यात ईरा तिथं आली. आकांक्षाला रेषेबाहेर मुठी उघडत-मिटत धावताना तिनं सकाळपासून पाहिलं होतं. इकडं तिकडं बघत तिनं हळूच विचारलं, "ताई, तुमच्या डॉक्टरचं नाव सांगता? माही बोटंही सकाळी अशीच अडतेत. घरी सांगतलं नाई अजून."

आकांक्षानं तिचा हात हातात घेतला आणि बोटांचे सांधे एकेक हलकेच दाबून पाहिले. तिसऱ्यापाशी ईरा कळवळली.

"वय काय बाई तुझं?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"एकवीस."

अण्णाजींनी कपाळावर हात मारून घेतला. "चला," ते म्हणाले, "आता पवनारले शाखा उघडा लागते."