एकदा हो, दोनदा नाही

“आले! मागच्या अंगणात आले!”

शेजारच्या मॅनेजरकाकांनी आरोळी ठोकली आणि हिरवळीवर खुर्च्या टाकून बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. कपडे वाळत घालायच्या तारेजवळचा दिवा लख्ख पेटला होता. खाली कोणी नव्हतं. तारेवर एक टॉवेल होता, पण तोही जागचा हलत नव्हता.

“आता बोळातून येतील,” महाराज डोळे मिटून म्हणाले, आणि बोळातला दिवा पेटला. “आता मोटारीच्या शेडपाशी.” शेडवरचा पेटला. “आता फाटकाशी क्षणभर थांबतील. माणूस देह सोडतो हो, पण फाटक नीट लागलंय का, ही काळजी काही सुटत नाही त्याला.” फाटकावरचा दिवा पेटला. कोणी हात जोडले, कोणी नाक पुसलं. मॅनेजरकाकांनी दोन्ही केलं.

शेवटच्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्यांनी फक्त एक डास मारला.

बाईंनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे निवृत्त झाल्या तरी सगळ्यांच्या तोंडी त्या बाईच होत्या. ज्यांचा आत्मा घराभोवती फेऱ्या मारतोय असं सांगितलं जात होतं, ते त्यांचे सख्खे दादा. पहिल्या रांगेत रुमाल ओला करत बसल्या होत्या त्या वहिनी. दादा गेल्याला काही महिने झाले होते. “वन्सं, मी हे घर महाराजांच्या आश्रमाला देतेय, ह्यांचीच तशी इच्छा आहे,” असं वहिनींनी फोनवर सांगितलं आणि बाई मिळेल ती गाडी पकडून आल्या. गेलेल्या माणसाची इच्छा परस्पर कळवणारा हा मध्यस्थ कोण, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

मध्यस्थ चांगला गुटगुटीत होता. अंगावर शाल, आवाजात मध, आणि मागे हात बांधून उभा असलेला एक सेवक. बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव उजेडबाबा ठेवून टाकलं.

“आत्मा म्हणजे काय? ऊर्जा!” उजेडबाबा सांगत होते. “वीज म्हणजे काय? ऊर्जा! ऊर्जा ऊर्जेला ओळखते. म्हणून दादासाहेब दिव्यांतून बोलतात. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठे कळायला लागलंय.”

“मग गॅसच्या शेगडीतून का नाही बोलत?” बाईंनी मागून विचारलं. “तीही ऊर्जाच.”

चारदोन जण वळून रागाने बघायला लागले. महाराज मात्र हसले. “ताई, शंका हा मनाचा मळ आहे.”

“असेल. मी रोज आंघोळ करते, पण तो काही जात नाही बघा.”

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आत नेऊन ठेवायचं काम बाईंकडे आलं. शंकेखोर माणसाला असली कामं आपोआप मिळतात. दोन्ही काखांत एकेक खुर्ची मारून त्या बोळातून निघाल्या आणि मधेच थांबल्या. बोळात अंधार होता. त्यांनी एक पाऊल मागे टाकलं, मग पुढे. खुर्च्या खाली ठेवून हात हलवले. शेवटी इकडेतिकडे बघून एक उडीही मारून पाहिली. दिवा ढिम्म.

आता हे दिवे काही साधे नव्हते. सायकल चोरीला गेली तेव्हा दादांनी हौसेने बसवून घेतले होते. समोरून जाणाऱ्या जिवंत अंगाची ऊब त्यांना कळते आणि ते आपोआप पेटतात. म्हणजे चांगली अंगापिंडाने भरलेली बहीण समोर उड्या मारते ती दिव्याला दिसत नाही, आणि ज्याला अंगच उरलेलं नाही तो भाऊ मात्र लांबून दिसतो! बाईंना हसू आलं. शाळेत एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर त्यांनी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी घासत होत्या. बाई शेजारी फडकं घेऊन पुसायला उभ्या राहिल्या.

“वहिनी, हे सुरू कसं झालं?”

“हे गेल्यावर एका संध्याकाळी मागचा दिवा आपोआप लागला. बाहेर जाऊन बघते तर कोणी नाही. मी मॅनेजरकाकांना बोलले, त्यांनी महाराजांना आणलं. महाराज म्हणाले, त्यांच्या हातात सतत असायची अशी वस्तू द्या, मी तिच्यावर साधना करतो.”

“मग काय दिलंत? चष्मा?”

“चष्मा मी देत होते. ते म्हणाले, फोन द्या.”

बाईंच्या हातातलं ताट जागीच थांबलं. “दादाचा फोन? चालू?”

“चार्जरसकट नेला. लहर तुटायला नको म्हणाले.” वहिनींनी घासलेलं पातेलं खाली ठेवलं. “हे रागावलेत माझ्यावर, वन्सं. घर दिलं की राग निवेल, असं महाराज म्हणतात. मी त्या दिवशी घरात नव्हते ना...” त्या नळ मोठा सोडून तेच पातेलं पुन्हा घासायला लागल्या.

बाईंना संताप आला. भोळसट माणसाला कोणी लुबाडलं तर एक वेळ समजतं, पण रडणाऱ्या माणसाच्या रडण्यातच हात घालून घर काढून घ्यायचं म्हणजे हद्द झाली. हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, आणि वर उंदरालाच आपल्या पाया पडायला लावायचं! पण बाई तडक काही बोलल्या नाहीत. नुसतं सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं, हे त्यांना वर्गात शिकवून शिकवून कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीआधी त्यांनी दिवाणखान्यात साफसफाई काढली आणि कपाटावरचा वायफायचा डबा पुसता पुसता बंद करून ठेवला. बाहेर उजेडबाबांनी डोळे मिटले. “आता बोळातून येतील,” म्हणाले. कोणी आलं नाही. “मागच्या अंगणात...” तिथेही कोणी नाही. मागे उभा असलेला सेवक उपरण्याखाली हात घालून खाज सुटल्यासारखं काहीतरी करत होता.

“आज दादासाहेबांचं मौन आहे,” महाराजांनी जाहीर केलं.

त्याच्या पुढच्या दिवशी बाईंनी डबा चालू ठेवला, आणि दादासाहेबांचं मौन सुटलं. आत्म्याचं मौन वायफायच्या डब्यावर अवलंबून असतं, एवढी नवी माहिती बाईंच्या पदरात पडली.

उरलेली गोष्ट त्यांच्या स्वतःच्याच फोनमध्ये होती. पूर्वी कधीतरी दादा-वहिनी फिरायला गेले, तेव्हा दादांनी हे दिवे बाईंच्या फोनलाही जोडून दिले होते. “घरात कोणी शिरलं तर तुला कळेल,” म्हणाले होते. शिरत कोणीच नव्हतं. एक मेला बोका रोज भिंतीवरून फिरायचा आणि दर फेरीला बाईंचा फोन किंचाळायचा. वैतागून त्यांनी ते अॅप काढून टाकलं होतं. आता परत घेतलं, उघडलं, तर चारही दिवे समोर हजर. दादांनी बहिणीला कधी काढून टाकलंच नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि दिव्यांवर एक ‘स्वयंचलित’ नावाचं बटण होतं ते पाहिलं. ते कोणीतरी बंद करून ठेवलं होतं. बोळातल्या उड्यांचा हिशेब लागला.

बक्षीसपत्रावर सही व्हायच्या आदल्या संध्याकाळी बसायला खुर्च्या पुरेनात. बाई या वेळी दुसऱ्या रांगेत बसल्या, मांडीवर पर्स आणि पर्सआड फोन.

“आज आपण दादासाहेबांच्याच तोंडून ऐकू,” उजेडबाबा म्हणाले. “फाटकावरचा दिवा एकदा लुकलुकला तर हो, दोनदा लुकलुकला तर नाही. दादासाहेब, हे घर आश्रमाच्या सेवेला द्यावं, हीच आपली इच्छा ना?”

दिवा एकदा लुकलुकला. महाराजांनी समाधानाने हात वर केला, तेवढ्यात दिवा आणखी एकदा लुकलुकला.

“दोनदा!” मॅनेजरकाका ओरडले. “नाही म्हणतायत!”

“लहर जरा अडखळली,” महाराज म्हणाले. “पुन्हा विचारू. दादासाहेब, घर आश्रमाला?”

एकदा. आणि लगेच दुसऱ्यांदा. गर्दीत कुजबुज सुरू झाली. बाईंनी भाबड्या आवाजात विचारलं, “दादा, हे महाराज खरे आहेत ना रे?”

दिवा दोनदा लुकलुकला. सेवकाने घाईघाईने काहीतरी केलं असावं, कारण तो तिसऱ्यांदाही लुकलुकला.

“तीन म्हणजे काय हो?” कोणीतरी विचारलं.

“तीन म्हणजे बहुतेक ‘छे, मुळीच नाही’,” बाई म्हणाल्या, आणि मागच्या रांगा खदखदून हसल्या. उजेडबाबांच्या कपाळावर घाम आला. इतकी मजा बाईंना शाळा सुटल्यापासून आली नव्हती.

तेवढ्यात वहिनी उठल्या. कोणी अडवायच्या आत त्या फाटकाशी गेल्या आणि वर दिव्याकडे बघून बोलू लागल्या. आवाज अगदी घरातल्या घरात बोलावं तसा.

“अहो, मी एकच विचारते. त्या दिवशी ह्याच दिव्यांवरून मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. चिडून माझ्या बहिणीकडे निघून गेले. संध्याकाळी तुम्ही एकटेच होतात. माझ्यावर राग धरून गेलात का हो?”

हसणं थांबलं. सेवकानेही उपरण्याखालचा हात थांबवला. बाईंचा अंगठा बटणावरच होता. दोनदा दाबलं की झालं. नाही. राग नाही. वहिनी आज शांत झोपतील, घर वाचेल, महाराज तोंडावर पडतील, आणि कोणाला कधी कळणारही नाही. बाईंना फार फार वाटलं की दाबावं. पण मग त्यांच्यात आणि त्या शालवाल्यात फरक एवढाच राहिला असता, की शाल त्याच्याकडे होती.

त्यांनी फोन वर धरला. “वहिनी, थांबा. दिवा दादा लावत नाहीये. मी लावतेय.”

“तरीच!” सेवकाच्या तोंडून निघून गेलं. “मी एकदाच दाबतोय तर दोनदा कसा लागतोय!”

क्षणभर त्याला आपण काय बोललो तेच कळलं नाही. मग कळलं, आणि त्याच्या उपरण्याखालून दादांचा फोन निसटून हिरवळीवर पडला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, याच्या तर तोंडातच निघालं.

“मूर्खा!” उजेडबाबा खेकसले. आवाजातला मध पार आटला होता.

मॅनेजरकाका पुढे झाले, पण अजून त्यांची गाडी रुळावर यायची होती. “बाई, ते सगळं खरं. पण महाराज यायच्या आधी दिवा आपोआप लागला होता, त्याचं काय?”

“हा चांगला प्रश्न,” बाई म्हणाल्या. खरोखरच त्यांना बरं वाटलं. “मी आता दिवे स्वयंचलित करते. म्हणजे कोणी काही दाबायचं नाही. काका, तुम्ही बोळातून चालत जा.”

काका गेले. दिवा पेटला.

“तुमच्या अंगाला ऊब आहे आणि तुम्ही हलताय, तेवढंच त्याला कळतं. तुम्ही मॅनेजर होतात हेही कळत नाही. महाराज, आता दादाला पाठवा बोळातून.”

“मी असल्या चेष्टा सहन करणार नाही!” महाराज गरजले. काका परत आले, दिवा विझला, आणि विझलेलाच राहिला. सगळे टक लावून बघत होते. मग एकदम तारेजवळचा दिवा लख्ख पेटला.

“आले!” काका सवयीने ओरडले.

तारेखालून बोका निघाला, थांबला, सगळ्यांकडे तुच्छतेने पाहून निघून गेला. एवढी माणसं इतकी मनापासून हसली की उजेडबाबा आणि सेवक मोटारीत कधी बसले, तेही फारसं कोणाला कळलं नाही.

“हसताय, पण ऐका,” बाई उभ्या राहिल्या. “दादाचा फोन ज्याच्या हातात त्याच्या हातात त्याचे दिवे. यात चमत्कार कुठेच नव्हता. उद्या आणखी कोणी येईल, दिवे नसतील, दुसरं काही असेल. तेव्हा हात जोडायच्या आधी एकदा विचारा, हे कसं होतं? आणि मी बघितलं तर चालेल का? खऱ्या गोष्टीला बघितलेलं चालतं. खोट्याला तेवढा राग येतो.”

लोक पांगले. वहिनी मात्र पायरीवर बसून होत्या, आणि बाई जवळ आल्या तेव्हा त्यांनी मान वळवली.

“तुम्हीसुद्धा खेळलात ना माझ्याशी?”

“खेळले. त्यांच्याशी खेळायला गेले आणि मधे तुम्ही होतात, हे विसरले. चुकलं माझं.”

“मग दाबायचं होतंत. नाही म्हणायचं होतंत.” वहिनी रडायला लागल्या. “तेवढ्याने काय बिघडलं असतं तुमच्या विज्ञानाचं?”

“दिवा काय बोलणार, वहिनी? दादा रागावला होता की नाही, ते आता कोणालाच कळणार नाही. मला माहीत आहे तेवढं सांगते. त्या दुपारी त्याने मला फोन केला होता.”

वहिनींनी वर पाहिलं.

“म्हणाला, तुझी वहिनी तणतणत गेलीय. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, दिवे डोळ्यांवर येतात म्हणते, तर खाली वळवून घेतो. ती नसली की घर खायला उठतं.”

वहिनींनी फाटकावरच्या दिव्याकडे एकदा पाहिलं. मग एकदम चिडून म्हणाल्या, “आणि हे तुम्ही मला इतके दिवस सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारलंतच कुठे? मी जिवंत होते, फोनवर होते. तुम्ही दिव्याला विचारत बसलात.”

वहिनींनी रुमालाने तोंड पुसलं, पायरीवर थोडं सरकून जागा केली आणि म्हणाल्या, “बसा इथे. आणखी काय काय म्हणाले ते सगळं सांगा.”