मुळ्याच्या फोडी

दाम्यांगवालीच्या किमचीच्या डब्यात मला मुळ्याच्या फोडी दिसल्या आणि माझं डोकंच फिरलं.

दाम्यांगवाली म्हणजे माझी चाळीस वर्षांची शेजारीण. मी योसूवाली; आमच्या कोरियातल्या खेड्यांत बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारतात. दोघींची खरी नावं आता फक्त दवाखान्याच्या कार्डावर उरली आहेत. ऑक्टोबरात तिची परात परत द्यायला गेले होते. ती मागे परसात होती, म्हणून हक्कानं फ्रीज उघडला, तर किमचीच्या, म्हणजे खारवून तिखटात मुरवलेल्या कोबीच्या, थरांमध्ये मुळ्याचे हे एवढाले तुकडे. किमची खारट झाली की मीठ ओढून घ्यायला मुळा घालतात, हे आमच्याकडे नव्या सुनेलाही ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी लसूण मागायच्या निमित्तानं आमच्याबरोबर किमची घालणाऱ्या जोंगसिमकडे गेले. तिच्याही डब्यात मुळा. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्या मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या.

आमची किमची पाच घरांची असली तरी तिचं मीठ माझ्याकडे. सत्तावीस वर्षं नोव्हेंबर सरता सरता पाच घरच्या आम्ही बायका दाम्यांगवालीच्या अंगणात जमतो, कोबीचे तीनशे गड्डे खारवतो, आणि तिखटाच्या मसाल्यात खारवलेला जवळा किती पडायचा ते माझी जीभ ठरवते. नवरा गेला, मुलगा बुसानला जाऊन बसला, पण मीठ माझ्याकडेच राहिलं. त्या अंगणात माझ्यावाचून अडायचं. कुणाचं तरी आपल्यावाचून अडतं, याच्यावर माणूस किती जगतं ते मला तोवर कळलं नव्हतं.

आणि दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझी चव गेली. अर्धीमुर्धी नाही, पूर्ण. मध आणि भिजवलेला कागद एकच. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की मीठ गेलं, आणि मीठ गेलं की तिथं माझं काय काम? कोबी मुरला की नाही ते देठ वाकवून कळतं, त्यात मी चुकले नाही. जवळा मात्र अंदाजपंचे घालत होते.

मुळा पाहिल्यापासून मी गावच्या हॉलमधल्या सगळ्यांच्या दुपारच्या जेवणाला जाणं सोडलं. पाठ धरलीय म्हणून निरोप पाठवला. चव नसलेला भात चारचौघींच्या गप्पांत निदान उतरायचा तरी. घरी टीव्हीसमोर घास फिरत राहायचा तोंडात. महिनाभरात पँट कमरेवर टिकेना.

मसाला कालवायच्या दिवशी सकाळीच दाम्यांगवाली दारात हजर. रबरी बूट, गुलाबी हातमोजे, थंडीनं नाक लाल.

"चल. सगळ्या खोळंबल्यात."

"पाठ दुखतेय."

"पाठीला काय धाड भरलीय! काल शिडीवर चढून झाडाची फळं उतरवत होतीस."

"मग त्या मुळ्यालाच विचारा ना, जवळा किती घालायचा ते."

ती पायरीवर बसली. "बघितलंस होय."

"दोघींच्या डब्यात बघितलं. तोंडावर 'छान झालीय' आणि मागून मुळा. इतकी परकी झाले मी?"

"तुला सांगायचं कुणी? तुझी जाऊ मागे एकदा तुझी चूक काढून बोलली, तर दोन वर्षं तिचं तोंड पाहिलं नाहीस."

"ती उद्धट बोलली होती."

"तुला कुणी काही सांगितलं की ते उद्धटच असतं. म्हटलं, बोललो तर ही यायचीच बंद होईल. त्यापेक्षा मुळा बरा."

"आणि आता? यायची बंद झालेच ना?"

तिनं मान खाली घातली. हातमोज्यावरचा मिठाचा खडा खरवडत राहिली. तिच्या त्या खाली घातलेल्या मानेकडे पाहून माझा राग कुठे गेला कोण जाणे, आणि मी सांगून टाकलं. "मला कशाचीच चव येत नाही गं. दोन वर्षं झाली."

तिनं वर पाहिलं. "मला वाटलं, वयानं तुझा हात सैल झालाय."

"हात ठीक आहे. जीभ गेलीय."

"दोन वर्षं? नासकं काही खाऊन बसली असतीस तर? डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"गाढव आहेस," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. "तुझ्या किमचीनं माझं बीपी वाढलं तरी मी गप्प, आणि तू अशी सुकत चाललीस तरी तू गप्प. दोघींना कुणीतरी धरून बडवायला पाहिजे."

मी हातमोजे शोधले आणि निघाले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

अंगणात पोचल्यावर बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच सांगितलं, "माझी जीभ कामातून गेलीय. मुळ्याचं मला कळलंय. यंदा मीठ दुसऱ्या कुणीतरी बघा. मी कालवेन." दुसऱ्या दोघी परातीत डोकं घालून बसल्या. जोंगसिम पार लाजली. ती आमच्यात सगळ्यात लहान, गावात आल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिनं कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणूनच मी तिला निवडलं. कोबीच्या आतल्या पानात मसाला गुंडाळला आणि तिच्या तोंडात घातला.

"कसंय?"

"छान आहे, ताई."

"छान नकोय. मीठ सांग."

तिनं चावलं, गिळलं, दाम्यांगवालीकडे पाहिलं. दाम्यांगवालीनं मुद्दाम पाठ फिरवली.

"थोडं... खारट वाटतंय, ताई."

मी नाशपाती किसून घातली, कांद्याचा रस घातला, पुन्हा पान भरवलं. "अजून खारट आहे," या वेळी तिनं नजर चुकवली नाही. मी सपाटून पाणी आणि तांदळाची खळ ओतली. तिसरं पान तोंडात गेलं, आणि माझ्या विचारण्याआधीच, भरल्या तोंडानं ती माझ्यावर खेकसली, "काय हे ताई, पार अळणी करून टाकलंत!"

चौघी खो खो हसल्या. मी जवळ्याची वाटी तिच्या हातात दिली.

डॉक्टर म्हणतात चव येईल, नाहीतर नाही येणार. दर गुरुवारी दाम्यांगवाली मला बसनं तालुक्याला घेऊन जाते आणि वाटेत तासभर माझ्या चुका सांगते. दुपारी मी हॉलमध्ये जेवते. पँट पुन्हा कमरेवर बसलीय.

आणि यंदा कुणाच्याही डब्यात मुळा नाही. मी पाचही घरची झाकणं उघडून पाहिलीत.