भेसळीचा आळ

थोरल्या जावेने बरणीचं झाकण उघडलं, आत डोकावली आणि नाक मुरडलं. "हा रंग? तुझ्या भावाने राख भरून दिलीय!"

घरच्या काच कारखान्यात रंग कालवायचं काम थोरलीकडे होतं, आणि रंगाचा माल धाकटीचा भाऊ पुरवायचा. बरणीत नियोडिमियम अ‍ॅसिटेट होतं. भट्टीत त्याचा आंबूस भाग जळून जातो आणि उरलेल्या धातूने काच जांभळी होते. पण ट्यूबलाइटखाली ते खडे फिके, निळसर दिसत होते.

"भावाच्या दुकानात जांभळेच होते हो, वहिनी," धाकटी म्हणाली.

"मग वाटेत रंग उडाला का?"

कामगार कान टवकारून ऐकत होते. धाकटीचा नवरा भट्टीकडे निघून गेला. भावाचा माल बंद झाला आणि त्यानेही फोनवर तिलाच झाडलं.

काही दिवसांनी एक व्यापारीणबाई आल्या. थोरलीने त्यांच्यापुढे त्याच बरणीतल्या रंगाची फुलदाणी धरली. "इथे निळसर वाटते ना? उन्हात न्या, जांभळी होईल. या धातूचा गुणच तो."

मागे पेले कागदात गुंडाळणाऱ्या धाकटीचे हात थांबले. बाई दिव्यांची मागणी नोंदवून गेल्यावर ती थोरलीसमोर उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"रंग कालवण्यात केस पिकले माझे. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?"

"मग माझ्या भावाला चोर का ठरवलंत?"

"तुझं माहेर इथे फार पाय पसरायला लागलं होतं. जा, सांग सगळ्यांना."

धाकटीने कुणाला सांगितलं नाही. हा क्षार हवेतलं पाणी ओढतो, हे तिला भावाकडून माहीत होतं. ती रोज येता-जाता नव्या बरण्यांची झाकणं सैल करू लागली. ओल धरलेला माल तराजूत पुरा भरे, पण त्यात पाणीच जास्त, रंगाचा धातू कमी. व्यापारीणबाईंच्या दिव्यांची काच इतकी फिकी निघाली, की त्यांनी सगळा माल परत धाडला. थोरल्या दिरांनी बायकोला कामगारांदेखत फैलावर घेतलं.

थोरलीला सैल झाकण सापडलं. ती तडक धाकटीकडे आली.

"हे तू केलंस."

"हवा दमट आहे, वहिनी. झाकणं तुमची तुम्ही सांभाळा."

थोरलीने तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि फरशीवर सोडून दिला.

"फोडलास ना?" ती मुद्दाम मोठ्याने ओरडली.

धाकटीने खाली बघितलंही नाही. दुसरा पेला उचलला आणि त्याला कागद गुंडाळू लागली.