भट्टी क्रमांक तीनची थंड भिंत

माणूस आणि जनावर यांच्यातला खरा फरक असा, की माणसाने अग्नीला भिंतीच्या आत कोंडलं. हे वाक्य कारखान्याच्या मुख्य इमारतीवर पितळी अक्षरांत लावलेलं आहे आणि ज्या भिंतीवर लावलेलं आहे ती दर उन्हाळ्यात तडकते. अग्नी कोंडण्याचं प्रत्यक्ष काम विटा करतात. विटांना पत्र्याशी धरून ठेवण्याचं काम लोखंडी आकडे करतात. आणि आकडे झिजून विटा सुटायला लागल्या की ते कुणाला कळू न देण्याचं काम पदवीधर करतात.

कारखान्यात खनिज तेलातून निघणाऱ्या नाफ्त्याची वाफ नळ्यांमधून भट्टीत नेतात आणि आगीच्या धाकाने तिचे तुकडे पाडतात. त्या तुकड्यांच्या पुढे बादल्या होतात, खुर्च्या होतात, पुढाऱ्यांच्या सत्काराला लागणारी न सुकणारी फुलं होतात. भट्टीच्या आत लोखंड मऊ पडेल इतकी आग, बाहेर पोलादी पत्रा आणि मध्ये तापरोधक विटांचं अस्तर. अस्तर म्हातारं होतं. भेगाळतं, भुगा होतं, एखादी वीट निसटते आणि तिच्या मागच्या पत्र्यावर रंगाला फोड येतात. अशा वेळी भट्टी बंद करायची, निवू द्यायची, विटा बदलायच्या. काम इतकं सोपं आहे, की ते करून कुणाचं नाव होत नाही.

म्हणूनच भट्टी क्रमांक तीनचे प्रमुख ते करत नव्हते. कारखान्यात त्यांना 'अखंडसाहेब' म्हणत. भट्टी न थांबवता जितकी लांबवता येईल तितकी लांबवायची, याला ते 'अखंड धाव' म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. संचालकाची जागा रिकामी झाली होती. लवकरच अध्यक्ष कारखाना बघायला येणार होते आणि त्या जागेसाठी दोनच नावं सगळ्यांच्या तोंडी होती. एक अखंडसाहेबांचं. दुसरं रस्त्यापलीकडच्या भट्टी क्रमांक चारच्या प्रमुखाचं. हा दुसरा प्रमुख अखंडसाहेबांचा साडू होता. दोघांचे सासरे याच कारखान्याचे निवृत्त संचालक. थोडक्यात, कंपनी अत्यंत व्यावसायिक पद्धतीने चालत होती.

साडूने नुकतीच आपली भट्टी बंद करून विटा बदलायला घेतल्या होत्या. यात शहाणपणाचा भाग नव्हता. चुकून भलतंच बटण दाबलं गेल्याने भट्टी बंद पडली होती आणि बंद पडलीच आहे तर ती आपण ठरवून बंद केली असं त्याने जाहीर केलं. पण त्यामुळे शर्यतीत तो मागे पडला आणि सासऱ्यांकडच्या जेवणाला हा विषय निघणं क्रमप्राप्त होतं.

"काय साडूबुवा, निवली का भट्टी?" अखंडसाहेबांनी पान वाढायच्या आधीच सुरुवात केली.

"विटा बदलतोय," साडू म्हणाला. "तुमच्याकडे पडत नाहीत वाटतं?"

"आमच्याकडे विटांना तशी मुभा नाही."

सासरे खुर्चीत सरळ झाले. "माझ्या कारकिर्दीत भट्टी दोनदाच बंद पडली, जावईबापू. एकदा मी रजेवर होतो. दुसऱ्यांदा मला कुणी सांगितलंच नाही."

"तेच म्हणतो मी, बाबा. सांगण्याची सवयच वाईट."

स्वयंपाकघरात दोघी बहिणींचं वेगळं चाललं होतं.

"ताई, संचालकांच्या बंगल्याच्या खिडक्या म्हणे जरा वेगळ्याच मापाच्या आहेत."

"हो ना. तू नको त्रास घेऊस. मी मापं घेऊन आलेय."

"तू कशाला गेलीस?"

"सहज. माळी ओळखीचा आहे."

गाडीत बसल्यावर अखंडसाहेबांच्या बायकोने एवढंच म्हटलं, "अहो, ताईच्या हाताखालची म्हणून मला त्या वसाहतीत राहायचं नाही. काय ते बघा." अखंडसाहेबांना भट्टीच्या आगीची भीती कधी वाटली नव्हती, कारण तिच्याजवळ ते फारसे जातच नसत. बायको मात्र शेजारच्याच सीटवर होती.

त्यानंतर लगेचच भिंतीवर डाग दिसला. तपासणी विभागाच्या मॅडम थर्मल कॅमेरा घेऊन फेरीला जात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गार पत्रा निळा आणि तापलेला पत्रा पिवळा-पांढरा दिसे. त्या फेरीहून थेट साहेबांच्या केबिनमध्ये आल्या.

"सर, उत्तरेच्या भिंतीवर डाग आलाय. चांगला परातीएवढा. पत्रा मर्यादेच्या पार वर गेलाय."

"डाग म्हणू नका, मॅडम."

"मग काय म्हणू?"

"स्थानिक औष्णिक वैशिष्ट्य."

"सर, आतल्या विटा पडल्यात."

"तुम्ही बघितल्या?"

"आत आग आहे, सर. कशी बघणार?"

"म्हणजे बघितल्या नाहीत. अंदाजावर भट्ट्या बंद करत बसलो तर उद्या लोक बादल्या कशात घेतील?"

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांचंही बढतीचं वर्ष होतं. त्यांनी 'वैशिष्ट्य' असं लिहून घेतलं आणि शुद्धलेखन बरोबर आहे ना, तेवढं विचारलं.

प्रश्न राहिला दिसण्याचा. डागाच्या जागी जुना करडा रंग जळून काळा पडला होता, फोड फुटून खपल्या लोंबत होत्या आणि अध्यक्षांच्या फेरीचा रस्ता नेमका तिथूनच जात होता. अखंडसाहेबांनी हुकूम सोडला की सबंध भिंतीला उत्तम प्रतीचा, चकचकीत, चंदेरी रंग द्यावा. रंगाऱ्याने लांब काठीला ब्रश बांधून तो दिला. डागावरचा पहिला हात लावताच धूर झाला, दुसऱ्याला कमी झाला. चौथ्या हातानंतर भिंत अशी लखलखायला लागली, की समोरून जाणारा प्रत्येक इंजिनिअर तिच्यात पाहून भांग ठीक करू लागला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नेहमीप्रमाणे कॅमेरा धरला आणि पडद्यावर भिंत निळी दिसली. त्यांनी बॅटरी बदलली. भिंत निळीच. त्या धावत केबिनमध्ये आल्या.

"सर, भिंत गार झाली."

अखंडसाहेबांनी चष्मा काढला. "किती गार?"

"निम्म्याहून खाली."

"रंगाने?"

"रंगानंतर, सर."

"एकच ते," साहेब म्हणाले.

ते एकच नव्हतं. थर्मल कॅमेऱ्याला तापमान दिसत नाही. पृष्ठभाग जी अदृश्य किरणं बाहेर टाकतो तेवढी त्याला दिसतात आणि त्यांवरून तो हिशेब मांडतो. चकचकीत चंदेरी पृष्ठभाग किरणं टाकायला कंजूष असतो. घासूनपुसून लख्ख केलेल्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि कॅमेरा धरा, पातेलं कोमट दिसेल. हात लावा, मग कळेल. शिवाय उष्णता बाहेर टाकायची वाट अडली की पत्रा आतल्या आत आणखीच तापतो. तेव्हा रंगाने भिंत गार केली नव्हती. तिचं तोंड दाबलं होतं आणि वर तिला तापवलं होतं.

हे सगळं इंजिनिअरिंगच्या पुस्तकात एका धड्यात दिलेलं आहे. तो धडा अखंडसाहेबांनी परीक्षेला ऑप्शनला टाकला होता. मॅडमनी टाकला होता. साडूने टाकला होता. ज्या प्राध्यापकांनी तो शिकवायचा, त्यांनी विद्यार्थिदशेत तो टाकला असल्याने ते "हा तुमचा तुम्ही वाचा" असं सांगून पुढे जात. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं अज्ञान त्या दिवशी कामी आलं.

आठवडाभरात त्याचा सिद्धांत झाला. अखंडसाहेबांनी सभागृहात पडद्यावर बाण काढून दाखवले. चंदेरी रंग बाहेरून उष्णतेला परत आत ढकलतो, त्यामुळे पत्रा गार राहतो आणि इंधनही वाचतं. रंग भिंतीच्या बाहेर आणि आग आत असताना तो मधल्या पत्र्याला वगळून हे कसं करतो, असं कुणी विचारलं नाही. पहिल्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या, मागच्यांनी पहिल्या रांगेकडे बघून वाजवल्या.

प्रत्यक्ष भिंतीजवळ मात्र लोक वळसा घालून जायला लागले. मॅडमच्या कपाळाला तिथे चटका बसे. कुणीतरी ओले हातमोजे समोरच्या कठड्यावर वाळत टाकले, ते तासाभरात लाकडासारखे झाले.

"सर, जवळ गेलं की भाजतं," मॅडम एकदा म्हणाल्याच.

"कॅमेरा काय म्हणतो?"

"निळी."

"मॅडम, तुमची त्वचा प्रमाणित उपकरण आहे का?"

"नाही, सर."

"मग?"

पत्र्याला टेकवून मोजायचं साधं उपकरण भांडारात होतं. ते वापरावं असं मॅडमच्या मनात आलं आणि निळ्या आकड्याखाली आपली सही आहे हे आठवून गेलंही.

साडूला ही बातमी अर्थातच घरून कळली. तो एका दुपारी रस्ता ओलांडून आला, हात मागे बांधून भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "छान आहे. कुठला रंग?"

"सांगू की," अखंडसाहेब म्हणाले. "अध्यक्ष येऊन गेले की सांगतो."

साडूने रंगाऱ्याला गाठलं. परवाच नव्या विटा बसवून पुन्हा पेटवलेल्या, एकही डाग नसलेल्या आपल्या भट्टीला त्याने रातोरात चंदेरी करून टाकलं. तिच्यावर मोकळ्या आकाशाचं प्रतिबिंब पडायचं, आणि आकाश कॅमेऱ्याला बर्फाहून गार दिसतं, त्यामुळे कॅमेरा तिला हवेहूनही गार दाखवायला लागला. आगीने भरलेली भट्टी हवेपेक्षा गार कशी, हा विचार साडूला शिवला नाही. त्याने आकडा फळ्यावर लिहून खाली रेघ मारली. अखंडसाहेबांना त्या रात्री झोप लागली नाही. त्यांनी आपल्या भिंतीला पाचवा हात दिला.

अध्यक्ष आले. त्यांच्यामागे अधिकाऱ्यांची रांग, रांगेत दोन्ही साडू, आणि सगळ्यांत शेवटी एक गोल चेहऱ्याचा गृहस्थ. त्याचं हेल्मेट मोठं होतं आणि सारखं डोळ्यांवर येत होतं. अखंडसाहेबांना तो अध्यक्षांचा कारकून वाटला. त्यांनी कॅमेऱ्याची पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "जरा धरा हो. आपटू नका."

मग ते सगळ्यांना कठड्याअलीकडे थांबवून भिंतीसमोर उभे राहिले. "सर, कंपनीतली सर्वांत दीर्घ अखंड धाव. आणि सर्वांत थंड भिंत." मॅडमनी कॅमेरा धरला. पडदा निळाभोर.

"वा," अध्यक्ष म्हणाले आणि हात पुढे केला. "लावून बघू?"

अखंडसाहेबांच्या डोळ्यांसमोर बंगला, खिडक्या आणि बायको या क्रमाने येऊन गेली असावीत. "सुरक्षेचा नियम आहे, सर," ते म्हणाले. "गार भिंतीलाही आम्ही हात लावू देत नाही."

अध्यक्षांनी कौतुकाने हात मागे घेतला. तेवढ्यात गोल चेहऱ्याच्या गृहस्थाने हेल्मेट सावरत विचारलं, "आत काय भाजता?"

अखंडसाहेबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "भाजत नाही आपण. भंजन करतो. नंतर सांगेन सवडीने."

याच वेळी भिंत कण्हली. डागाच्या जागी पत्रा पोट सुटल्यासारखा पुढे आला, जोडाची शिवण उसवली आणि हातभर लांबीची फट पडली. फटीतून आतली आग नारिंगी दिसायला लागली आणि बाहेरची हवा शीळ घालत आत शिरू लागली.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"निरीक्षण झरोका, सर," अखंडसाहेब म्हणाले. "नवीनच आहे."

"अच्छा. आणि चार नंबरला का नाही?"

सगळे साडूकडे वळले. साडूने घसा साफ केला. "आमचंही काम चालू आहे, सर."

अध्यक्ष जेवायला गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच आत शिरणाऱ्या हवेने भट्टीचं तंत्र बिघडलं आणि स्वयंचलित यंत्रणेने इंधन तोडलं. भट्टी बंद पडली. तिला बढती नको होती. सुदैवाने कुणाला काही झालं नाही, कारण सगळे शहाणे आधीपासूनच लांबून चालत होते. पुढे ती उघडली तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या पट्ट्यात एकही वीट नव्हती. विटा धरणारे आकडे झिजून शिसपेन्सिलीच्या टोकाइतके उरले होते. विटा तळाशी ढिगाने पडल्या होत्या आणि चंदेरी पत्रा एकटाच अग्नीला कोंडून होता.

त्या दुपारी मात्र अखंडसाहेबांनी भट्टी बंद पडल्याची बातमी दाबली. जेवण संपेपर्यंत भट्टी चालूच आहे, असं नियंत्रण कक्षाला बजावून ते भोजनगृहात जाऊन बसले. शेजारी साडू होता.

"शीळ वाजायची थांबली वाटतं तुमच्या झरोक्याची," साडू हळूच म्हणाला.

"जेव तू."

"जेवतोय की. ऐकू आलं नाही म्हणून विचारलं."

अध्यक्ष बोलायला उठले. दोन्ही साडूंनी एकाच वेळी रुमालाने तोंड पुसलं. अध्यक्षांनी भिंतीची स्तुती केली, दोघांच्या निष्ठेची केली, सासऱ्यांची आठवण काढली. मग म्हणाले, की नव्या संचालकांची नेमणूक गेल्या महिन्यातच झाली आहे, त्यांना बंगला दाखवायचा होता म्हणून आज येणं केलं, वाटेत भट्ट्याही पाहून झाल्या. टेबलाच्या टोकाला कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन बसलेले गोल चेहऱ्याचे गृहस्थ अर्धवट उभे राहिले आणि त्यांनी सर्वांना नमस्कार केला.

अखंडसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. साडूने त्यांच्याकडे बघून वाजवल्या.

नवे संचालक आजवर बिस्किटांचा कारखाना चालवत होते. तिथल्या भट्ट्या दर रविवारी बंद ठेवतात.