चटईखालचा जोड

मी दोन दारांची जपानी गाडी. लाल, बसकी, वाऱ्याला मागं टाकणारी. असं दलाल सांगतो. खरं ऐकायचंय? मी एक गाडी नाहीच. पुढचं अंग माझं, मागचं दुसरीचं. मधे वेल्डिंग.

तिकडं जपानात पहिल्या मालकानं मला पंधरा वर्षं जपलं. दारसुद्धा हळू लावायचा. दुसऱ्यानं मागं घेताना खांबावर घातलं आणि वर लाथ मलाच मारली. मेला! मग लिलाव, जहाज आणि हा दलाल. ह्यानं माझं चेपलेलं मागचं अंग कापलं, भंगारातल्या एकीचं जोडलं. वर पुट्टी, रंग, चटई. वरून झगझग, आतून भगभग.

तेव्हापासून जीव मुठीत धरून आहे. साधा खड्डा आला तरी जोड कर्र करतो.

काल एक नवरा-बायको आले. तो बसचा ड्रायव्हर, ती कपडे शिवणारी.

"वीस वर्षं माणसं भरून चाळीसनं चालवली," तो म्हणाला. "एकदा तरी मोकळा पळेन की!"

"पळा. म्हातारपणी शिंगं फुटलीत," ती हसली.

त्यानं लिलावाचा कागद बघितला. गाडीचं चित्र, त्यावर फुल्या.

"ह्या कसल्या?"

"तपासल्याच्या, दादा."

थापाड्या! जिथं मोडलं तिथं फुली असते. पण ड्रायव्हरनं मान डोलावली. "आमच्या डेपोतही तपासलं की फुलीच मारतात."

मला ओरडायचं होतं. तोंड कुठाय?

दोघं फेरीला निघाले. साठ. ऐंशी. जोड कण्हायला लागला. आणखी थोडं दाबलं असतं तर मी मधोमध फाटले असते, ह्या दोघांना घेऊन.

तेवढ्यात ती खाली वाकली. "अहो, ही चटई मधेच का शिवलीय?"

"असेल. पुढं बघू दे."

"कारखान्याची शिवण नाही ही. काहीतरी झाकायला घातलेले टाके आहेत."

तिनं नखानं टाका उसवला, चटई उचलली. बोटभर फट. फटीत काळा रस्ता पळत होता.

"अहो! खाली रस्ता दिसतोय!"

त्यानं ब्रेक कचकन दाबला नाही. भरलेली बस थांबवावी तसा हळूहळू दाबला. म्हणून वाचलो तिघं.

बैलगाडीच्या चालीनं परत आले. त्यानं किल्ली टेबलावर आपटली.

"किरकोळ गंज आहे, दादा," दलाल म्हणाला.

"मग तुमच्या बायकोला बसवा त्यावर," ती म्हणाली. दलालानं किल्ली उचलून खिशात टाकली.

लाज वाटली असेल त्याला? छट्! आज त्यानं जाड चटई आणली. शिवली नाही, चिकटवली. दुपारी बाप-लेक येणार आहेत. पोरीला गाडी शिकायचीय.

बाबा, रंगावर हात फिरवत बसू नका. चटई उचला. निघत नसेल तर फाडा, पण पोरीला आत बसवायच्या आधी उचला.