तरोटा की कासविंदा

जयाने खुडलेला शेंडा सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरला.

"आई, हा तरोटाच ना?"

प्रयागबाईंनी पान उलटंपालटं करून पाहिलं. "टोक गोल आहे न? मंग तरोटाच. टोकदार राह्यते तो कासविंदा. तो नाही घ्यायचा, पोट बिघडते."

मनीषनगरातल्या घराजवळच्या रिकाम्या प्लॉटवर गुडघाभर हिरवं माजलं होतं. सासरे गेल्यापासून प्रयागबाई ताटात पडेल ते निमूट खात. आज सकाळी त्यांनी तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, पावसाळी रानभाजी मागितली, म्हणून जयाने ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती.

पुढच्या शेंड्यावरच्या पानांची टोकं गोल होती, पण जोड्या चार.

"तीनच जोड्या पाह्यजे," प्रयागबाई म्हणाल्या.

"अन् हा? जोड्या तीन, पण टोकदार."

"चालते. कोवळा आहे न."

"मघाशी तर टोकदार नको म्हणाल्या."

जयाने मोबाइलवर दोन्ही झाडांचे फोटो शोधून पाहिले. फोटोत दोन्ही झाडांना सारखीच पिवळी फुलं होती. इथे तर फुलाचा पत्ता नव्हता. तिने बोटं हुंगली. दोन्ही हातांना तोच उग्र वास. पिशवीतली कुठली पानं कुठल्या झाडाची, तेही आता कळेना.

"आई, दरवर्षी तुम्ही कशा निवडत होत्या?"

प्रयागबाईंनी पदराचा शेव मुठीत धरला.

"मी कुठं निवडत होती वं," त्या हळूच म्हणाल्या. "निवडत तर हे. मी नुसता पदर पसरून मागं चालत राहो. ते पानं टाकत, मी बोलत राहो. इकडच्या तिकडच्या गोष्टी. चाळीस वर्षं झाली, पानाकडं नीट पाह्यलंच नाही."

जयाने पिशवी तिथेच उलटी केली. प्रयागबाईंनी अडवलं नाही.

रस्त्याला लागल्यावर त्या थबकल्या.

"सावनेरची बस किती वाजता राह्यते?"

"काहून, आई?"

"यांची बहीण आहे तिथं. तिले येते ओळखता."

सासऱ्यांच्या तेरवीनंतर सावनेरच्या त्यांच्या घराला कुलूप घातलं, तेव्हा पुन्हा तिकडे पाय ठेवणार नाही असं त्याच म्हणाल्या होत्या. जयाने तो विषय काढला नाही. ती मोबाइलवर बसची वेळ पाहू लागली.